कानाची कूर्चा, नाकाचा आधार



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. ज्या माणसाने उभा जन्म बोनस, नुकसानभरपाई आणि बदली कामगार यांवर भाषणे करण्यात घालविला, तो नाकाच्या शोभेच्या शस्त्रक्रियेवर काय बोलणार, असा प्रश्न मनात येणे रास्तच आहे. आम्ही डॉक्टर नाही. शाळा लवकर सुटली; पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांचे कागद घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर ताटकळत बसलो असताना. हा विषय आम्ही निवडला नाही. त्या बाकांवर तोच आमच्याकडे चालत आला.

तो कसा आला, ते आधी सांगतो. आमच्या युनियनमधल्या एका प्रेसकामगाराच्या नाकावर काम करताना पत्र्याचा तुकडा उडून बसला. रक्त आले, बोळा कोंबला, चार दिवसांनी गडी पुन्हा मशीनवर उभा राहिला. कोणी काही विचारले नाही, त्यानेही काही सांगितले नाही. पण पुढच्या काही महिन्यांत त्याचे नाक मधोमध खचत गेले. घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखा खोलगटपणा आला. गडी बोलताना तोंडावर रुमाल धरू लागला. लग्नकार्याला जाईना, गेला तर पंगतीत शेवटच्या पानावर बसे. शस्त्रक्रियेच्या खर्चाची मागणी केली तेव्हा त्याचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरला आणि शेवटी त्यावर दोन शब्द उमटले : ‘शोभेसाठी. नामंजूर.’

तो आम्हाला म्हणाला, “भाऊ, मला काय नटायला जायचंय? होतं तेवढं परत द्या म्हणतोय मी.”

या एका वाक्याने आम्हाला विचार करायला लावले. शोभा कोठे संपते आणि गरज कोठे सुरू होते? ही रेघ कोण ओढतो? आजच्या भाषणाचा गाभा एवढाच आहे. बाकीचा मजकूर त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना काय आहे, ते दाखविण्यासाठी.

आपल्या भाषेत नाक म्हणजे अब्रू. नाक कापले गेले, नाक खाली झाले, नाक वर करून चालला, असे आपण रोज म्हणतो. जुन्या राजवटींत नाक कापणे ही शिक्षा होती आणि शत्रूची विटंबना करण्याची रीतही होती. म्हणूनच नाक नव्याने घडविण्याची विद्या या देशात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गालाची त्वचा घेऊन नाक बनविण्याची रीत दिलेली आहे, तसेच फाटलेली कानाची पाळी सांधण्याच्याही रीती आहेत. पण आम्हाला अधिक जवळची वाटते ती आपल्या पुण्याच्या परिसरातली हकिगत. 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर कावसजी नावाचा एक मराठा बैलगाडीवान होता. तो टिपूच्या लोकांच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग 1793 साली पुण्याजवळ एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली आणि 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापून आली. ते वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या शल्यवैद्याने अभ्यास केला, 1814 साली ती शस्त्रक्रिया स्वतः केली आणि 1816 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. युरोपात या विद्येची नवी सुरुवात तेथून झाली.

आता त्या मासिकाने नाक बसविणाऱ्याची ओळख काय दिली आहे? तो विटा करणाऱ्यांच्या जातीचा होता, एवढीच. त्याचे नाव छापलेले नाही. गाडीवानाचे नाव राहिले, पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे राहिली, पण ज्याच्या हातांनी काम केले त्याचे नाव गेले. कामगार चळवळीतल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. वाईट मात्र वाटते.

कपाळाच्या त्वचेचे नाक मोठे उपकारक होते, पण त्याला एक मर्यादा होती. त्वचा म्हणजे मांडवाचे कापड. कापडाला बांबू नसले तर मांडव बसणारच. नाकाला बांबू कोणते? आपण सर्वांनी आत्ता आपल्या नाकावरून बोट वरून खाली फिरवून पाहावे. वरचा तिसरा हिस्सा हाडाचा, कडक लागतो. त्याखालचे सारे लवचीक आहे. बोटाने दाबले तर दबते, सोडले तर जागेवर येते. ती कूर्चा. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदाही पुढच्या भागात कूर्चेचाच आहे आणि तोच नाकाचा मुख्य खांब आहे. आमच्या प्रेसकामगाराचा हा खांब गेला होता.

तो का गेला, हे आपण सर्वांनी, विशेषतः कारखान्यांत काम करणाऱ्यांनी आणि ज्यांची मुले मैदानावर खेळतात त्यांनी, नीट लक्षात ठेवावे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर जे पातळ आवरण असते, त्यातून पाझरणाऱ्या रसावर ती जगते. नाकावर मार बसला आणि आवरणाखाली रक्त साठले, तर कूर्चेचा आणि आवरणाचा संबंध तुटतो. दोनतीन दिवसांत ती मरू लागते. त्यात पू झाला तर आणखी लवकर. खूण अशी की, मारानंतर नाक आतून फुगते, दोन्ही बाजू बंद होतात आणि ठणका लागतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरकडून नाक आतून तपासून घ्यावे. साठलेले रक्त वेळेवर काढून टाकणे हे लहानसे काम आहे. ते न केल्यामुळे पुढे मोठी शस्त्रक्रिया ओढवते. ‘नाकाला लागलंय, होईल बरं,’ या चार शब्दांनी किती नाके बसली असतील, कोण जाणे!

खांब गेल्यावर नवा खांब कोठून आणायचा? शल्यवैद्य पहिल्याने पडद्याच्या उरलेल्या कूर्चेकडे पाहतो, कारण ती तिथेच असते आणि सरळ असते. पण ती सगळी काढता येत नाही. वरच्या आणि पुढच्या कडेला साधारण एक सेंटिमीटर रुंदीची चौकट ठेवावीच लागते, नाहीतर एक घर सावरताना दुसरे कोसळते. जेथे पडदाच नासलेला आहे, किंवा आधीच्या शस्त्रक्रियेत वापरून संपला आहे, तेथे दोन कोठारे उरतात : एक बरगडी आणि दुसरे कान. बरगडीची कूर्चा भरपूर आणि भक्कम असते. पण छातीवर व्रण राहतो, काही दिवस श्वास घेताना दुखते आणि कोरून बसविलेला तुकडा पुढे वाकण्याचा संभव असतो. नाक फारच खचले असेल तर तिच्याशिवाय गत्यंतर नसते. गरज मध्यम असेल तर कान धावून येतो.

कानाच्या भोकाबाहेर जी वाटीसारखी खोलगट जागा आहे, तेथील कूर्चा या कामासाठी घेतात. चीर बहुधा कानाच्या मागे देतात, म्हणजे व्रण झाकला जातो. वाटीच्या कडेचा उंचवटा मात्र शाबूत ठेवतात. कानाचा आकार त्या उंचवट्यावर तोललेला असतो. तो राखला म्हणजे समोरून पाहणाराला फारसा फरक कळत नाही. ऐकण्याचे यंत्र आत खोल असल्यामुळे ऐकू येण्यावर परिणाम होत नाही. तुकडा काढल्यावर त्या जागी रक्त साठून कान सुजून वेडावाकडा होऊ नये म्हणून गादीसारखी पट्टी टाके घालून दाबून बसवितात. पट्टी निघाल्यावरही काही दिवस कान दुखतो, काही काळ बधिर राहतो.

हा तुकडा जात्याच वाकडा असतो. जेथे सरळ पट्टी हवी तेथे हा दोष आहे. दोन तुकडे पाठीला पाठ लावून शिवावे लागतात. पण नाकाचा शेंडा आणि नाकपुडीची कड मुळातच गोलाईच्या आहेत. तेथे हाच दोष गुण ठरतो. शेंड्याला उठाव देणे, श्वास घेताना आत ओढली जाणारी नाकपुडी तोलून धरणे, कण्यावरचा खड्डा भरणे, ही कामे कानाची कूर्चा करते. खड्डा भरताना काही शल्यवैद्य ती बारीक चिरून कानशिलावरच्या स्नायूच्या पातळ आवरणात पुरचुंडीसारखी बांधून बसवितात. नाकपुडीची कडच तुटली असेल तर कानाची त्वचा आणि कूर्चा एकत्रच काढून तेथे जोडतात. 1902 साली जर्मनीतील केनिग याने ही रीत प्रसिद्ध केली. असा जोडतुकडा मात्र लहानच घ्यावा लागतो, कारण त्याला रक्त मिळायचे ते कडांकडून. मधला भाग कडेपासून फार दूर पडला तर उपाशी मरतो.

नुसती कूर्चा मात्र नव्या जागी तग धरते. तिचे जगणे पाझरावरच असल्यामुळे थोडक्यात तिचे भागते, आणि ती आपल्याच देहाची असल्यामुळे देह तिला परकी मानून झिडकारत नाही. सिलिकोनचा तयार तुकडाही बसवितात. पूर्व आशियात त्याचा प्रघात मोठा आहे. त्यात कानाला चीर द्यावी लागत नाही. पण तो परका तो परकाच. वर्षांनंतरही तो सरकू शकतो, त्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो, शेंड्याची त्वचा पातळ होऊन तो बाहेर डोकावू शकतो. म्हणून सिलिकोन वापरणारे पुष्कळ शल्यवैद्यही शेंड्यावर कानाच्या कूर्चेचीच टोपी घालतात.

हे सारे आम्हाला त्या प्रेसकामगारामुळे कळले. आम्ही त्याला दुसऱ्या एका शल्यवैद्याकडे नेले. त्यांनी नाकाकडे पाहण्याआधी विचारले, “रात्री झोप लागते का?” गडी म्हणाला, “तोंड उघडं टाकून झोपतो, पहाटे घसा कोरडा पडतो.” डॉक्टरांनी त्याचा गाल बोटाने थोडा बाजूला ओढला आणि श्वास घ्यायला सांगितले. त्याचे डोळे चमकले. कित्येक महिन्यांत त्या बाजूने श्वास गेला नव्हता! नाकाची मधली वाट खचून अरुंद झाली होती. ज्याला टेबलावर ‘शोभेसाठी’ म्हटले होते, तो श्वासाचाही प्रश्न होता. अर्जाच्या कागदात तो विचारायला जागाच नव्हती. आम्ही नवा अर्ज केला, भांडलो, आणि तो मंजूर झाला. कानाच्या कूर्चेने त्याच्या नाकाला आधार दिला. नाक पूर्वीसारखे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण रुमाल गेला.

येथे भाषण संपविले असते तर आमचा जय झाला असता. पण प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. समजा, त्याचा श्वास मोकळा असता, तर? मग त्या टेबलावरच्या माणसाचे म्हणणे बरोबर ठरले असते काय?

कायद्याची दृष्टी पाहा. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात बोटाच्या पेरापेराचा टक्क्यांत हिशेब मांडला होता. त्याच परिशिष्टात चेहऱ्याची अत्यंत गंभीर विद्रूपता ही दोन्ही हात गमावण्याच्या बरोबरीने, म्हणजे संपूर्ण कायमचे अपंगत्व म्हणून धरली होती. कायदा करणाऱ्यांना चेहऱ्याची किंमत कळत होती, हे त्यांच्या श्रेयाला जमा आहे. पण चेहरा अत्यंत नव्हे, थोडासाच बिघडला, तर? मग यादीबाहेरच्या दुखापतीला एकच माप : कमाईची ताकद किती घटली? खचलेल्या नाकाने प्रेस चालते. म्हणजे घट शून्य. माणूस पंगतीत शेवटी बसतो, याचा रकाना कोठेच नाही.

काही धंदे तर नाकावरच उठलेले असतात. क्रोमचा मुलामा देण्याच्या टाक्यांवर जी वाफ उडते, ती नाकाच्या पडद्यावर बसते, तेथे व्रण होतो आणि पुढे आरपार भोक पडते. पुष्कळदा ते दुखतही नाही, म्हणून कामगाराला कळतही नाही. 1948 च्या कारखाने कायद्याने क्रोमचे व्रण सरकारला कळविण्याच्या रोगांच्या यादीत घातले होते. भोक मोठे झाले तर आधार जातो, आणि दुरुस्तीसाठी पडद्याची कूर्चाही हाताशी राहत नाही. अशा कामगाराला कानाची कूर्चा देण्याआधी टाकीवर हवा ओढून घेणारा पंखा आणि झाकण द्यावे, हे आमचे पहिले मागणे राहील. कानात कोठार आहे म्हणून नाक जाळण्याची मुभा कोणाला मिळत नाही.

आता दुसरी बाजू, जी सांगताना आम्हाला थोडा संकोच होतो. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी नोकरी करते. नाकाला मार नाही, श्वासाची तक्रार नाही. शेंडा बसका, एवढेच. तिने नाक करून घेण्याचा विषय काढला तेव्हा आम्ही तिच्या वडिलांसमोर हसलो आणि म्हणालो, “पोरी, हे श्रीमंतांचे चोचले!” ती शांतपणे म्हणाली, “काका, पाच ठिकाणची माणसं मला पाहून गेली. तुम्ही तेव्हा हसला नव्हता.”

आम्हाला उत्तर सुचले नाही. पाच घरांनी तिच्या नाकावरून तिला नाकारले, तेव्हा ती रूढी होती. तिने त्याच नाकाचे काही करायचे म्हटले, तर ते चोचले! प्रेसकामगाराच्या अर्जावर ज्या माणसाने दोन शब्द लिहिले, त्याच्यात आणि आमच्यात त्या घटकेला फरक उरला नव्हता.

या गोष्टीचा एक दाखला इतिहासात आहे. बर्लिनमध्ये याकोब योसेफ, ज्याला पुढे जाक योसेफ म्हणू लागले, हा अस्थिरोगाच्या दवाखान्यात सहायक होता. 1896 साली त्याने एका मुलाचे बाहेर आलेले कान शस्त्रक्रियेने मागे बसविले. मुले चिडवीत म्हणून तो शाळेत जायला तयार नव्हता. शस्त्रक्रिया उत्तम झाली आणि योसेफची नोकरी गेली! शोभेसाठी सुरी चालविणे वरिष्ठांना पटले नाही. 1898 मध्ये त्याने एका गृहस्थाचे मोठे नाक लहान केले आणि बर्लिनच्या वैद्यकसभेत मांडले की, ज्या रूपामुळे माणूस लोकांत जायचे टाळतो, ते रूप हेही दुःखच आहे आणि वैद्याने त्यावर उपाय करणे योग्य आहे. पुढे पहिल्या महायुद्धात चेहरे फुटलेले सैनिक आले, तेव्हा त्याच योसेफला मानाने बोलावून घेतले गेले. सुरी तीच, हात तेच. फक्त दुःखाला मान्यता मिळाली होती.

आपल्याकडेही मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी हेच दाखविले. इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या शल्यवैद्याने कुष्ठरोग्यांची खचलेली नाके आणि वाकडी बोटे दुरुस्त करण्यासाठी आपली विद्या वापरली. रोग बरा झाला तरी नाक बसलेले असेल, तर गाव त्या माणसाला रोगीच म्हणतो. अशा माणसाचे नाक उभे करणे ही शोभा की गरज, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

मग काय, ज्याला वाटेल त्याने उद्याच नाक कापून घ्यावे? तसे आम्ही म्हणत नाही. त्या मुलीबरोबर शल्यवैद्याकडे आम्हीच गेलो. तेवढे प्रायश्चित्त आम्हाला घ्यायचे होते. त्या बाईंनी तिला विचारले, “हे नाक तुम्हाला नको आहे, की पाहायला येणाऱ्यांना नको आहे? लग्न जमावे म्हणून करणार असाल तर त्याची हमी मी देऊ शकत नाही.” त्यांनी सांगितले की, आठवडाभर नाकावर साचा राहील, सूज पूर्ण उतरायला वर्ष लागेल, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत, बसविलेला तुकडा त्वचेखाली जाणवू शकतो, कानामागचा व्रण काहींच्या बाबतीत जाड होऊन वाढतो, आणि कधी कधी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते. यंत्रावर काढून दाखविलेले चित्र म्हणजे वचन नव्हे, हेही सांगितले. आरशातल्या लहानशा दोषाने ज्यांचे सारे आयुष्य व्यापून टाकलेले असते, त्यांना सुरीने समाधान मिळत नाही, आधी मनाचा वैद्य गाठावा लागतो, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मुलीने सहा महिने विचार केला. पाहण्याचे कार्यक्रम तिने बंद केले. मग स्वतःच्या पगारातून, हप्ते न करता, शस्त्रक्रिया करून घेतली. कानाच्या कूर्चेने शेंड्याला उठाव आला आहे. फरक इतका थोडा आहे की सांगितल्याशिवाय कळू नये. लग्नाचे आम्ही विचारले नाही. तो आता आमचा प्रश्न नाही.

तेव्हा मंडळी, शेवटी तीन गोष्टी सांगून आपली रजा घेतो. पहिली, नाकाला मार लागला तर त्याच दिवशी तपासून घ्या. कारखान्यात असाल तर अपघाताची नोंद करून घ्या. दुसरी, शस्त्रक्रिया करायची ठरविलीत तर शिकलेला प्लॅस्टिक सर्जन किंवा कान-नाक-घशाचा शल्यवैद्यच गाठा आणि न लाजता विचारा : कूर्चा कोठून घेणार, तिथूनच का, व्रण कोठे राहील, बिघडले तर पुढे काय आणि खर्च कोणाचा? हप्त्यांच्या जाहिरातीला भुलून या प्रश्नांना फाटा देऊ नका. तिसरी गोष्ट आपल्या सर्वांसाठी. दुसऱ्याच्या दुःखावर ‘शोभेसाठी’ असा शिक्का मारण्यापूर्वी थोडे थांबा. खर्च कोणी द्यायचा, यावर वाद जरूर व्हावा. आम्ही वादाला भिणारी माणसे नाही. पण तो वाद त्या माणसाला एक प्रश्न विचारल्यानंतर व्हावा, आधी नव्हे.

पुण्याजवळच्या त्या विटा करणाऱ्याने कावसजीला असा शिक्का मारला नाही. त्याने गाडीवानाचे तोंड पाहिले आणि कामाला लागला.